बलाँ यांचे सांगाडाचित्र

फ्रेंच निसर्गअभ्यासक प्येर बलाँ (१५१७–१५६४) यांच्या पक्ष्यांवरील ग्रंथातील, माणूस आणि पक्षी यांचे सांगाडे समोरासमोरच्या पानांवर दाखवणारे चित्र. ग्रंथ १५५५ मध्ये पॅरिसला छापला गेला. तुलनात्मक शरीररचनाशास्त्राचा इतिहास सांगताना हे चित्र हमखास दाखवतात, आणि त्याचा तो मान रास्तच आहे.

एका पानावर माणसाचा सांगाडा, दुसऱ्यावर पक्ष्याचा. पक्षी फांदीवर बसलेला किंवा उडताना काढलेला नाही. त्याला माणसाएवढा मोठा करून ताठ उभा केला आहे, पंख हातांसारखे खाली सोडले आहेत आणि पाय सरळ ताणले आहेत. पक्षी असा कधीच उभा राहत नाही. पण हाडाला हाड लावून पाहायचे तर दोघांना एकाच पवित्र्यात आणणे भाग होते. या चित्राची सगळी कल्पकता याच निर्णयात आहे. दोन्हीकडच्या जुळणाऱ्या हाडांवर तीच अक्षरे घातली आहेत, त्यामुळे वाचक बोट ठेवून एका पानावरून दुसऱ्या पानावर जाऊ शकतो.

बगळ्याचा गुडघा उलटा, मागच्या बाजूला वळतो असे आपल्याला वाटते. तो गुडघा नव्हे. तिथे टाचेचा सांधा असतो. खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला असतो आणि पक्षी बोटांवर चालतो. पक्ष्याचा पाय म्हणून जे हाड दिसते ते माणसाच्या टाचेच्या जागचे, हे बलाँ यांनी नोंदवले आहे. पंखाच्या कडेचा छोटा अवयव त्यांनी माणसाच्या अंगठ्याशी जुळवला. हाडे हातात घेऊन पाहिल्याशिवाय हे सुचत नाही.

एका ठिकाणी मात्र ते चुकले. कोंबडी साफ करताना छातीच्या वरच्या टोकाला गलोलीच्या बेचक्यासारखे हाड लागते. ते पक्ष्यांखेरीज कुठल्याच प्राण्यात नाही, असे बलाँ यांनी लिहिले. वास्तविक दोन गळपट्टीची हाडे एकत्र जुळून ते बनते, म्हणजे आपल्या गळ्याखाली हाताला लागणाऱ्या हाडांचेच ते रूप आहे. बलाँ यांनी शेजारचे दुसरेच हाड गळपट्टीचे मानले, त्यामुळे बेचक्याला जोडीदार उरला नाही. वटवाघळालाही त्यांनी पक्ष्यांतच बसवले होते. या साम्याचा उत्क्रांतीशी संबंध त्यांनी जोडलेला नाही. ती मांडणी पुढे तीनशे वर्षांनी आली.

चित्र लाकडी ठशावरून छापलेले आहे. असा ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच दाबात छापता येई, म्हणून चित्र आणि मजकूर एका पानावर ठेवणे सोपे होते. पण लाकडात फार बारीक रेघ टिकत नाही. बरगड्या आणि मणके इथे ठोकळ दिसतात ते त्यामुळे.

पुढे वीस वर्षांनी, १५७५ मध्ये, न्यूरेंबर्गचे वैद्य फोल्खर कोइटर यांनी करकोचासारख्या लांब पायांच्या क्रौंचाचे आणि पाणकावळ्याचे सांगाडे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले. चित्रे त्यांनी स्वतः काढली होती. विच्छेदन करणारा हात आणि रेघ ओढणारा हात एकच असल्याने मानेचे मणके त्यांत सुटेसुटे, मोजता येतील असे उतरले आहेत.