चाऊसचाचा कुठून आले होते, थोडी पार्श्वभूमी

परवा आमच्या मोंढ्याचे, म्हणजे धान्यबाजाराचे, जुने राखणदार चाऊसचाचा गेले. घरचे म्हणतात अठ्ठ्याण्णव पूर्ण होते, मतदार यादीत वय पाच-सहा वर्षांनी कमी आहे. मयतीला मोंढ्यातले हमालापासून आडत्यापर्यंत सगळे आले होते, आणि कब्रस्तानाबाहेर उभं राहून जे बोलणं चाललं होतं त्यात कुणी म्हणत होतं चाचा पठाण होते, कुणी म्हणे निजामाचे पोलीस होते, एकानं तर सरळ रझाकारच करून टाकलं त्यांना. यातलं काहीच ते नव्हते, म्हणून लिहायला बसलो.

चाचा हद्रमौतचे. आजच्या येमेनचा पूर्वेकडचा भाग, शिबाम, तरीम ही तिथली जुनी गावं, मातीच्या कच्च्या विटांची उंच उंच घरं आणि पाऊस जवळजवळ नाहीच. अशा मुलखातला तरणा माणूस बाहेर पडणारच, आपल्याकडचा ऊसतोडीला पडतो तसा. काहीजण जावा बेटाकडं व्यापाराला गेले, काही इकडं दख्खनमध्ये शिपाईगिरीला. आधी मराठ्यांच्या चाकरीत होते, 1817-18 मध्ये पेशवाई बुडत होती तेव्हा नागपूर आणि मालेगावला इंग्रजांना चिवट झुंज दिली ती या अरबांनीच, आणि तेव्हाही इंग्रजांचं म्हणणं हेच होतं की यांना गोळा करा आणि जहाजात बसवून मायदेशी पाठवा. बरेचजण गेले नाहीत, हैदराबादकडं सरकले. तिथं त्यांचे जमादार, म्हणजे तुकड्यांचे म्होरके, इतके मोठे झाले की सरकारलाच कर्ज द्यायचे आणि तारण म्हणून तालुक्यांचा वसूल ताब्यात घ्यायचे, 1853 नंतर नव्या दिवाणानं हळूहळू ते सोडवून घेतलं. एका जमादाराच्या घराण्यानं तर इथल्या कमाईवर तिकडं हद्रमौतात सल्तनत उभी केली, मुकल्ला बंदर तिची राजधानी, आणि ती 1967 पर्यंत टिकली.

'चाऊस' हे मूळचं आडनाव नाही. तुर्की फौजेतला तो हुद्दा, चाऊश, आपल्या हवालदारासारखा. इथं सगळ्याच अरबांना लोक चाऊश म्हणायला लागले, मराठी कागदावर त्याचं चाऊस झालं आणि शाळेच्या दाखल्यावर गेलं की तेच आडनाव. घरात मात्र त्यांची नावं 'अमका बिन तमका' अशीच.

चाचा काकाबरोबर आले, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी, मिसरूडही फुटलं नव्हतं. नोकरी लागली ती बिनकवायती फौजेत. हे नीट समजून घ्यायला पाहिजे, निजामाची कवायती फौज वेगळी, पोलीस वेगळे, रझाकार ही तर खासगी संघटना, आणि ही बिनकवायती अरबांची फौज चौथीच. खजिन्यावर पहारा, वसुलाच्या रकमेबरोबर जाणं, कमरेला जंबिया, म्हणजे वाकडा खंजीर. चाचा तहसील कचेरीच्या खजिन्यावर होते. या लोकांबद्दल गावात भीती होती हे खरंय, सावकार वसुलीसाठी अरब नाहीतर रोहिला दारात आणून बसवायचे, आणि 1947-48 मध्ये काही अरब रझाकारांबरोबर गावांवर पडलेही, ज्यांची घरं जळाली त्यांच्या नातवंडांसमोर हे नाकारायची माझी हिंमत नाही. पण सगळे एका दोरीत बांधले गेले, आणि तिथंच माझं दुखणं आहे.

17 सप्टेंबर 1948 ला निजामानं हात टेकले आणि हैदराबाद भारतात आलं, त्यानंतर अरबांची धरपकड झाली, छावण्या भरल्या. नव्या प्रशासनाचा विचार असा की हे परदेशी भाडोत्री शिपाई आहेत, यांना परत पाठवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण अरब कोण हे ठरवणार कसं? त्यांच्यात दोन शब्द आहेत, विलायती आणि मुवल्लद. आपण विलायती म्हटलं की लंडन आठवतं, त्यांच्याकडं विलायती म्हणजे जो हद्रमौतात जन्मला तो, आणि मुवल्लद म्हणजे बाप अरब, आई इथली, जन्म इथला. आता ज्याचा आजा आला होता, ज्याला अरबी दोन वाक्यंसुद्धा येत नाहीत, दखनी बोलतो आणि बाजारात मराठी, त्याला कुठं परत पाठवणार, तो कधी गेलाच नव्हता! आणि विलायती असला तरी त्याची बायको परभणीची, लेकरं इथली, त्यांचं काय. तिकडं त्याच सुमारास हद्रमौतात दुष्काळ पडलेला, एडनचे इंग्रज अधिकारी माणसं उतरवून घ्यायला नाखूष, म्हणजे ज्यांना घालवायचं त्यांना घ्यायला कुणी तयार नाही. काही गेले, काही छावणीत अडकून पडले, काही सुटून आले. माझ्या मते हा निर्णय घाईचा होता. गुन्हा केला असेल त्याच्यावर खटला चालवा, पण जन्मगाव बघून माणूस उचलायचा हे मला कधी पटलं नाही.

चाचा काही महिने आत होते. त्या महिन्यांबद्दल ते एवढंच सांगायचे की चाची लेकरू कडेवर घेऊन फाटकापर्यंत यायची आणि पहारेकरी तिला परत पाठवायचा. सुटल्यावर नोकरी राहिलीच नव्हती. पुढं 26 जानेवारी 1950 ला राज्यघटना लागू झाली, तिच्या पाचव्या कलमात एक वाट होती, भारतात अधिवास आहे आणि त्याआधी निदान पाच वर्षं सलग इथं राहिलाय असा माणूस नागरिक. चाचा त्यात बसत होते. पण वर्षं कागदावर दाखवायची कशी, मग गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांनी, एक मारवाडी आणि एक मराठा, सही-अंगठा देऊन सांगितलं की हा माणूस युद्धाच्या आधीपासून आमच्यात आहे.

त्यानंतर पन्नासेक वर्षं मोंढ्यात रात्रीची राखण, अडत दुकानांच्या किल्ल्या त्यांच्याकडं. पेन्शन कुठलीच नाही. सत्तरच्या दशकात आखाती देशांची दारं उघडली तेव्हा आडनावाला एकदम भाव आला, पोरं गेली, तिकडं त्यांना कुणी अरब मानलं नाही हा भाग वेगळा. चाचांना सुद्धा एकानं विचारलं होतं, चलता क्या, गाव बघून येऊ. चाचा म्हणाले, माँ मर गई, घर मिट्टी का था.

हरीस मात्र रमजानमध्ये शेवटपर्यंत स्वतः घोटायचे, गहू आणि मटण रात्रभर मंद आचेवर. लग्नात मरफा, म्हणजे अरबांचा ढोल-ताशा, वाजला की खुर्चीतून उठायचे. यंदा मरफा वाजवणारी पोरं मयतीत खांद्याला होती. मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज नातवानं भरला, 'कायमचा पत्ता' या रकान्यात त्यानं मोंढ्यामागची गल्ली लिहिली.