टेललाइटचे गडदीकरण

वाहनाच्या मागील दिव्यांवर काळपट फिल्म चिकटवून, फवाऱ्याचा पारदर्शक काळा रंग मारून किंवा मूळ जोडणी काढून तिच्या जागी धुरकट काचेची जोडणी बसवून, विझलेला दिवा काळा दिसेल असे करण्याची पद्धत. टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा आणि त्यांच्याच साच्यात ओतलेला लाल रिफ्लेक्टर हे सर्व भाग बहुधा एकाच आवरणाखाली असतात, त्यामुळे फिल्म एकावर लावली की सगळ्यांवर लागते. अ‍ॅक्सेसरीजच्या बाजारात याला ‘स्मोक करणे’ म्हणतात. महाराष्ट्रात नंबरप्लेट आणि स्टिकर कापणारे रेडियमवालेही हे काम करतात. ‘काच’ हा शब्द येथे रूढ अर्थाने घ्यायचा. आजच्या टेललाइटचे आवरण बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचे असते.

उगम : या प्रथेचा उगम एकाच ठिकाणी दाखवता येत नाही. एक समजूत तिचे मूळ युद्धकाळातील ब्लॅकआउटमध्ये शोधते. ब्रिटनमध्ये 1 सप्टेंबर 1939 पासून रात्रीचा अंधार सक्तीचा झाला आणि वाहनांचे पुढचे-मागचे दिवे झाकून मंद करावे लागले. त्या देशातील रस्त्यांवरच्या मृत्यूंचा आजवरचा उच्चांक 1941 चा आहे (9,169). तो एकट्या टेललाइटच्या माथी मारता येणार नाही, कारण रस्त्यावरचे दिवे आणि हेडलाइटही तेव्हा झाकलेले होते. तरी मंद दिव्यांची वाहतूक किती महाग पडते याचा तो मोठा दाखला आहे. मुंबईतही 1965 आणि 1971 च्या युद्धांच्या वेळी हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेल्या गाड्या जुन्या लोकांच्या आठवणीत आहेत. मात्र हा धागा आजच्या प्रथेपर्यंत आणून जोडणे कठीण दिसते. ब्लॅकआउटमधले आच्छादन वरून पाहणाऱ्या विमानासाठी होते, सक्तीचे होते आणि युद्ध संपताच गेले. बाजाराने त्यातून घेतला तो फार तर ‘ब्लॅकआउट’ हा शब्द.

दुसरा धागा अमेरिकेतील हॉटरॉड मंडळींचा, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी आणि शोभेसाठी बदलणाऱ्या हौशींचा. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे लाल काचेच्या मध्यभागी निळ्या काचेचा खडा बसवण्याची हौस होती. ‘ब्लू डॉट’ नावाचा हा दिवा लांबून जांभळट दिसे. अनेक राज्यांनी तो बंद केला, काहींनी जुन्या संग्राह्य गाड्यांना सूट दिली. मागच्या दिव्याचा रंग-प्रकाश केवळ शोभेसाठी बदलण्याचा आणि त्यावर कायद्याने हरकत घेण्याचा हा बहुधा सर्वांत जुना ठळक प्रकार असावा. पण येथे बदलला तो रंग, काळेपणा अजून आलेला नव्हता.

आजच्या स्वरूपाच्या सर्वांत जवळ जाणारा तिसरा धागा 1980 आणि 1990 च्या दशकांतील युरोपचा आहे. फोक्सवॅगन गोल्फसारख्या गाड्यांसाठी गडद काचेचे मागील दिवे तयार मिळू लागले. काही वेगवान आवृत्त्यांना ते कारखान्यातूनच येत. पुढे 1998 मध्ये जपानमध्ये टोयोटा अल्टेझा आली. तिच्या टेललाइटचे बाहेरचे आवरण पाण्यासारखे स्वच्छ आणि आत लाल गोल दिवे अशी रचना होती. हे दिवे काळे नव्हते, परंतु त्यांच्या अनुकरणाने संपूर्ण टेललाइट बदलण्याची जगभर बाजारपेठ उभी राहिली. प्रस्तुत नोंदीत या तिसऱ्या धाग्याला अधिक वजन दिले आहे. त्यातून एक महत्त्वाचा फरकही दिसतो : कारखान्यातून येणारा गडद दिवा आतल्या बल्बसह आणि आरशासह तपासून मंजूर झालेला असतो. घरी फिल्म लावणारा त्याचे रूप घेतो, तपासणी घेत नाही. भारतात ही प्रथा कधी आली ते सांगणारी कागदपत्रे तुटपुंजी आहेत. ती विसाव्या शतकाच्या अखेरीस वा त्यानंतर रुजली असे मानणे सावधपणाचे ठरेल.

प्रकाशाचे गणित : दिव्याची एखाद्या दिशेतील तीव्रता कँडेलात मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्र. 7 प्रमाणे टेललाइटची अक्षावरील तीव्रता किमान 4 कँडेला, तर सामान्य ब्रेकलाइटची किमान 60 कँडेला असावी लागते. दोन्ही एकाच आवरणात असतील तर ब्रेक दाबल्यावरचा प्रकाश नुसत्या टेललाइटच्या किमान पाचपट हवा. जुन्या पद्धतीच्या बल्बमध्ये हे काम 5 आणि 21 वॅटच्या दोन तारा करतात. बाइकच्या मागच्या दिव्यातला दोन तारांचा बल्ब तो हाच.

फिल्मची पारगम्यता, म्हणजे ती आरपार सोडत असलेल्या प्रकाशाचे प्रमाण, 35 टक्के असेल तर 4 कँडेलाचे 1.4 आणि 60 चे 21 उरतात. चांगले दिवे किमान मर्यादेपेक्षा बरेच प्रखर असतात, त्यामुळे प्रत्येक फिल्म दिव्याला मर्यादेखाली नेतेच असे नाही. पण मूळ दिव्यात किती वाढावा ठेवला आहे हे फिल्म लावणाऱ्याला कळायला मार्ग नसतो, आणि तो वाढावा हौसेसाठी ठेवलेला नसतो. धूळ, चिखल, पिवळी पडलेली काच, जुना झालेला बल्ब आणि बॅटरीचा उतरलेला दाब हे सगळे त्यातूनच भागवायचे असते. फवाऱ्याच्या रंगात तर थरागणिक गुणाकार होतो : 70 टक्के प्रकाश सोडणारा रंग तीनदा मारला तर 34 टक्के उरतो.

बिंदूसारख्या दिव्याचा डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. म्हणून स्वच्छ हवेत दिवा जेथून जेमतेम दिसू लागतो ते अंतर पारगम्यतेच्या वर्गमुळाने कमी होते. मूळचा दिवा 155 मीटरवरून दिसत असेल तर 50 टक्क्यांच्या फिल्ममागे तो सुमारे 110 मीटरवरून आणि 20 टक्क्यांच्या फिल्ममागे सुमारे 69 मीटरवरून दिसेल. याच्या शेजारी थांबण्याचे अंतर ठेवून पाहावे. ताशी 80 किमी म्हणजे सेकंदाला 22 मीटर. ध्यानात येऊन ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद आणि त्यानंतर बऱ्यापैकी जोराचा ब्रेक धरला, तरी गाडी थांबायला 80 मीटरहून अधिक लागतात. धुक्यात गणित वेगळे चालते. तेथे प्रकाश अंतराबरोबर अतिशय झपाट्याने विरतो, त्यामुळे तीव्रता निम्मी झाल्याने दिसण्याचे अंतर टक्केवारीत कमी घटते. मात्र दाट धुक्यात ते मुळातच शंभर मीटरांहून कमी असते आणि त्यातले पाच मीटर जाणेही परवडत नाही. युरोपात मागील फॉगलाइटला किमान 150 कँडेलाची अट आहे ती याचसाठी.

फिल्मच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. टेललाइट आणि ब्रेकलाइट दोन्ही सारख्याच प्रमाणात मंद होतात, म्हणजे पाचास एकचे गुणोत्तर टिकते. शिवाय काचेवर पडणारे ऊन फिल्ममधून आत जाताना एकदा आणि बाहेर येताना पुन्हा गाळले जाते, दिव्याचा प्रकाश मात्र एकदाच. म्हणून विझलेल्या आणि पेटलेल्या काचेतला फरक वाढतो. गणित म्हणून हे बरोबर आहे. परंतु फिल्मच्या चकचकीत पृष्ठभागावरून थेट परतणारे ऊन त्यामुळे कमी होत नाही, आणि संध्याकाळचा तिरपा सूर्य मागून गाडीवर पडतो तेव्हा तीच चकाकी मागच्या चालकाच्या डोळ्यांत जाते. दिवा किती अंतरावरून प्रथम जाणवतो हे शेवटी त्याच्या स्वतःच्या कँडेलावर ठरते, शेजारच्या काळेपणावर फार थोडे.

वेळेचाही प्रश्न आहे. तारेचा बल्ब पूर्ण तेजावर यायला साधारण 0.2 सेकंद घेतो, एलईडी जवळजवळ तत्काळ पेटते. ताशी 100 किमी वेगात एवढ्या अवधीत गाडी साडेपाच मीटर जाते. फिल्ममागचा तारेचा बल्ब तेवढाच उजळ दिसायला आणखी तापावा लागतो, म्हणजे ब्रेकची खूण आणखी उशिरा पोचते.

रिफ्लेक्टर : गडदीकरणातला सर्वांत गंभीर आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे. रिफ्लेक्टरचा स्वतःचा दिवा नसतो. मागच्या गाडीच्या हेडलाइटचा प्रकाश तो आला तिकडे परत धाडतो. तो प्रकाश फिल्ममधून दोनदा जातो, म्हणून घट वर्गाने होते. 50 टक्क्यांच्या फिल्ममागे रिफ्लेक्टर 25 टक्के उरतो, 35 टक्क्यांमागे सुमारे 12 आणि 20 टक्क्यांमागे अवघा 4 टक्के. बॅटरी उतरून महामार्गाच्या कडेला उभ्या राहिलेल्या गाडीचे अस्तित्व सांगणारी तेवढीच एक वस्तू असते. ऊसतोडणीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील ज्या वाचकांनी रात्री दिव्याविना आणि रिफ्लेक्टरविना चाललेली ट्रॉली अखेरच्या क्षणी पाहिली असेल, त्यांना हे अधिक समजावण्याची गरज नाही. अनेक टेललाइटच्या काचेवर बारीक अक्षरांत ‘आयए’ असे कोरलेले असते. त्याचा अर्थ याच आवरणात रिफ्लेक्टर आहे. दिवा बाहेरून कितीही तेजस्वी वाटला तरी ते कोरीव अक्षर फिल्मखाली गेले असेल तर रिफ्लेक्टरही गेला.

अपघातांशी संबंध : गडद टेललाइटमुळे किती अपघात झाले हे स्वतंत्रपणे नोंदवले जात नाही, त्यामुळे पुरावा उलट बाजूने घ्यावा लागतो : मागची खूण अधिक ठळक केली तर काय होते? मागील काचेजवळच्या तिसऱ्या ब्रेकलाइटने त्याचे उत्तर दिले. सॅन फ्रान्सिस्कोतील टॅक्सींवर जॉन व्होएव्होड्स्की यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मागून होणाऱ्या धडका सुमारे 60 टक्क्यांनी घटल्या. अमेरिकेत 1986 च्या मॉडेलपासून हा दिवा मोटारींना सक्तीचा झाला. पुढे त्याची नवलाई ओसरली, आणि तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने 1998 मध्ये दीर्घकालीन घट 4.3 टक्के असल्याचे म्हटले. विश्वास ठेवायचा तो या दुसऱ्या, लहान आकड्यावर. पण लाखो गाड्यांवर पसरलेले चार टक्केही पुष्कळ असतात. भारतात केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अलीकडच्या अहवालांत मागून धडक हा सुमारे एक-पंचमांश अपघातांचा प्रकार आहे, आणि मृतांत दुचाकीस्वार चाळीस टक्क्यांहून अधिक आहेत. दुचाकीला मागे एकच दिवा असतो. तो काळा केला की दुसरा आधार राहत नाही.

भारतातील कायदा : येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. पुढील-मागील काचेला 70 टक्के आणि बाजूच्या काचांना 50 टक्के पारगम्यता ही केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 च्या नियम 100 मधील तरतूद खिडक्यांच्या काचांची आहे. अविषेक गोएंका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी काळ्या फिल्मवर बंदी घातली तीही याच काचांच्या संदर्भात. ‘पन्नास टक्क्यांची फिल्म चालते’ असे टेललाइटबद्दल सांगणारा विक्रेता खिडकीचा नियम दिव्याला लावत असतो. दिव्याला अशी कोणतीही टक्केवारी दिलेली नाही. दिवा मंजूर होतो तो आवरण, बल्ब, आरसा अशा संपूर्ण जोडणीसह. तो कोठे आणि कसा बसवायचा याची मानके चारचाकी व त्याहून मोठ्या वाहनांसाठी एआयएस (ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड)-008 आणि दुचाकी-तिचाकींसाठी एआयएस-009 ही आहेत. ही मानके पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही संस्था प्रकाशित करते.

नियम 105 मागच्या लाल दिव्याला 155 मीटरवरून दिसण्याची अट घालतो, नियम 102 ब्रेकलाइट व इंडिकेटरसंबंधी आहे, तर नियम 104 रिफ्लेक्टर सक्तीचे करतो. कारवाई कोणत्या कलमाखाली व्हावी याबद्दल मात्र एकवाक्यता नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 वाहनातील फेरबदलांना मनाई करते, आणि 9 जानेवारी 2019 च्या के. जयचंद्र निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असे स्पष्ट केले. 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 182-अ (4) अशा दर फेरबदलास 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते. परंतु कलम 52 चा रोख नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांवर आणि गाडीच्या मूलभूत रचनेवर आहे. आरसी बुकात टेललाइटची पारगम्यता लिहिलेली नसते, त्यामुळे फिल्म हा त्या अर्थाने ‘फेरबदल’ आहे का यावर वाद घालता येतो. त्या मानाने रस्ता सुरक्षेच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालवण्याबद्दलचे कलम 190 (2) अधिक चपखल बसते. त्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवान्यास अपात्रता आहे.

अंमलबजावणी त्यामानाने विरळ आहे. व्यावसायिक वाहनांना आरटीओत ठरावीक मुदतीने फिटनेस तपासणी असते. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांची, आणि पीयूसी केंद्रावर धूर तपासतात, दिवे नाही. म्हणजे रस्त्यावर वाहतूक पोलिसाने थांबवले नाही तर काळी टेललाइट पंधरा वर्षे कोणाही अधिकाऱ्याच्या नजरेस न पडता फिरू शकते. कायद्यातली ही उणीव दंडाची रक्कम वाढवून भरून निघणारी नाही.

इतरत्र : जर्मनीत दिव्यांचे भाग मान्यताप्राप्तच असावे लागतात आणि त्यांवर फिल्म लावल्यास गाडीची चालन-मान्यता संपुष्टात येऊ शकते. अमेरिकेत संघीय मानक क्र. 108 उत्पादकांना बांधते. सुरक्षा साधन निकामी करण्याची मनाई दुकानदार-दुरुस्तीवाल्यांना आहे, स्वतःच्या अंगणात फवारा मारणाऱ्या मालकाला नाही. तो भाग राज्यांवर सोडलेला आहे. कॅलिफोर्नियात 1969 नंतरच्या गाड्यांची टेललाइट 1,000 फुटांवरून (सुमारे 305 मीटर) स्पष्ट दिसावी लागते.

पूर्ववत करणे : फिल्म गरम हवेने सैल करून सोलता येते; मागे राहिलेला डिंक साबणाच्या कोमट पाण्याने धीराने काढावा. फवाऱ्याचा रंग काढणे अवघड. थिनर किंवा पेट्रोल लावल्यास अ‍ॅक्रिलिकवर केसांसारख्या असंख्य बारीक भेगा पडतात आणि प्रकाश विखुरतो. घासून काढताना रिफ्लेक्टरच्या भागावरील ओरखडे विशेष नुकसान करतात, कारण त्याचे काम आतल्या कोपऱ्यांच्या अचूक पैलूंवर आणि समोरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर चालते. अशा वेळी पूर्ण जोडणी बदलावी लागते. ती घेताना काचेवर मान्यतेची खूण कोरलेली आहे ना, हे उजेडात धरून पाहावे.