लिहून द्यायच्या तासाची पार्श्वभूमी

पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवायला लागलं की आठवड्याभरात मागच्या बाकावरून विचारणा होतेच : ‘‘सर, नोट्स देणार ना?’’ मुलांना लिहून घ्यायचं असतं आणि आपल्याला पोर्शन संपवायचा असतो. याचा दोष मी मुलांना देत नाही. ही सवय त्यांच्या पणजोबांच्याही आधीची आहे.

चार्ल्स वुड यांच्या 1854 च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर 18 जुलै 1857 रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. शिकवायचं एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांनी. शिकवणं आणि तपासणं यांची अशी फारकत झाली की शिक्षकाला बिनधोक वाट एकच उरते : पेपरात येईल ते सांगा आणि लिहून द्या. 1862 साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत रानडे आणि भांडारकर होते, पण अशी माणसं कोणत्याही पद्धतीतून वर आली असती. पुढे 1904 च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवायची वाट मोकळी केली. मुंबईत 1919 मध्ये अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचं अध्यापन सुरू झालं, समाजशास्त्राला स्कॉटिश विचारवंत आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस आले. पदवीचा तास मात्र होता तसाच राहिला.

‘लेक्चर’ या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच वाचन. छपाईच्या आधीच्या युरोपात पुस्तक महाग, म्हणून गुरुजी वाचत आणि मुलं उतरून घेत. पुस्तकं स्वस्त झाली, तरी उतरून घेणं सुटलं नाही.

या पद्धतीला खरा धक्का भौतिकशास्त्राच्या वर्गातून बसला. अमेरिकेत इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टिनिस या संशोधकांनी 1985 मध्ये दाखवलं, की कोर्स संपल्यावरही बलाबद्दलच्या मुलांच्या मूळ समजुती फारशा हलत नाहीत. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांना वाटलं, आपल्या मुलांचं असं नसणार. त्यांनी मुलांची चाचणी घेतली. प्रश्न साधे होते : अवजड ट्रक आणि छोटी कार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर जास्त बल लावतं? उत्तर, दोन्ही बलं सारखी. न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ होता. तरी एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलंत तसं द्यायचं, की मला वाटतं तसं?

मझूर यांनी फळ्यावर पुन्हा समजावलं, तरी चेहरे कोरेच. शेवटी त्यांनी मुलांना आपसात बोलायला सांगितलं, आणि काही मिनिटांत गोंधळ निवळू लागला. नुकतंच उमगलेल्या मुलाला आपण कुठे अडकलो होतो हे आठवत असतं, शिक्षक ते कधीच विसरलेला असतो. यातूनच 1990 च्या दशकात त्यांची पद्धत बसली : थोडं सांगायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, आणि पुन्हा मत घ्यायचं. जवळजवळ सगळे बरोबर असतील तर पुढे जायचं, फारच थोडे असतील तर आपणच परत सांगायचं. चर्चा खरी रंगते ती मतं दुभंगलेली असताना.

1998 मध्ये अमेरिकेतल्याच रिचर्ड हेक यांनी भौतिकशास्त्राच्या 62 कोर्सेसमधल्या साडेसहा हजार मुलांचे आकडे मांडले. सुधारायला जेवढा वाव होता, त्यातला नुसत्या व्याख्यानाने सरासरी 23 टक्के भरून निघाला, तर मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 48 टक्के. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत प्रोग्रॅमिंगच्या भल्यामोठ्या वर्गात आधी एकट्याने, मग जोडीने, मग सगळ्यांनी मिळून असा क्रम लावला गेला. निरीक्षकांनी वर्गात बसून नोंदी केल्या. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी 83 टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली. म्हणजे वर्ग मोठा आहे ही सबब पुरेशी नाही.

अडचण वेगळीच आहे. हार्वर्डमध्येच 2019 च्या एका प्रयोगात सक्रिय वर्गातली मुलं चाचणीत सरस ठरली, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. ऐकताना सगळं सोपं वाटतं. स्वतः झगडताना आपल्याला येत नाही असं वाटतं. म्हणून हे मुलांना सत्राच्या सुरुवातीलाच सांगा, असं त्या संशोधकांनी सुचवलं. हल्ली मी पहिल्याच तासाला, नोट्सचा विषय निघायच्या आत, फळ्यावर ट्रक आणि कार काढतो आणि हात वर करायला सांगतो. बहुतेक हात ट्रकच्या बाजूने वर जातात. मग म्हणतो, शेजाऱ्याकडे वळा.