टाकाऊतून टिकाऊ : नागपूरच्या घरांतली सजावट

जुनी, मोडकी किंवा फेकण्याच्या बेतात असलेली वस्तू घरच्या घरी नव्या कामाला लावून तिनेच घर सजवणे, याला मराठीत ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणतात. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाने हा शब्द घरोघर पोचवला. हल्ली याच अर्थाने ‘अपसायकलिंग’ असेही म्हटले जाते. तो शब्द १९९४ मध्ये जर्मन अभियंता राइनर पिल्झ यांच्या मुलाखतीतून पुढे आला. रिसायकलिंगमध्ये वस्तू मोडून तिचा पुन्हा कच्चा माल होतो, बाटली वितळते, पत्रा भट्टीत जातो. अपसायकलिंगमध्ये वस्तूचा घाट शाबूत राहतो आणि तिचे मोल वाढते. मराठी शब्दाचे वजन मात्र ‘टिकाऊ’वर आहे, आणि नागपुरात त्याची परीक्षा हवाच घेते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, लाकूड आकसून फळ्यांत फटी पडतात. जुलैत त्याच फळ्या फुगतात आणि दार चौकटीत अडकते. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलेली वस्तूच टिकाऊ म्हणावी, हा निकष या नोंदीत सर्वत्र लावला आहे.

जुनी रीत : या कामाला नाव नव्हते तेव्हाही ते चालूच होते. लुगड्यांची गोधडी हे त्याचे सर्वांच्या ओळखीचे रूप. नऊवारी लुगडे साधारण आठ मीटरचे. वापरून मऊ पडले की त्याचे थर अंथरायचे, मधे चिंध्यांची भर घालायची आणि कडेकडून मध्याकडे धावदोरा घालत जायचे. पूर्व नागपुरात कोष्टी विणकरांची मोठी वस्ती आहे. हातमागावरच्या सुती लुगड्याचे काठ अंगाच्या कापडापेक्षा चिवट असतात, म्हणून ते वेगळे कापून पिशवीला बंद, पडद्याला झालर, उशीच्या अभ्र्याला किनार असे लावले जात. शिवण्याजोगे काहीच उरले नाही की कपडे भांडेवालीकडे जात आणि पुष्कळ घासाघीस होऊन स्टीलचा एखादा डबा घरात येई.

लग्नातले रुखवतही याच घरातले. सुपारीचे भटजी, काचेच्या नळ्यांचे तोरण, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, फुटक्या बांगड्यांची नक्षी. पाहुणे मांडवात ते पाहत फिरत आणि ‘हे कोणी केलं?’ असे विचारत. सासरी गेल्यावर त्यातले तोरण दाराला लागे आणि पुढली वीस-पंचवीस वर्षे तिथेच राही.

कागदाच्या लगद्याच्या टोपलीपाशी जरा थांबायला हवे. रद्दी फाडून दोन-तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायचे, मग पाट्यावर वाटायची; आता मिक्सरमध्ये होते. भिजवलेली मेथी वेगळी वाटून त्यात कालवायची. मेथीचा चिकटपणा लगदा धरून ठेवतो, आणि तिच्या कडवटपणाने कीड लागत नाही, असे करणाऱ्या बायका सांगतात. मग एखादा गंज, म्हणजे उभट पातेले, पालथा घालायचा, त्यावर ओले फडके चढवायचे आणि फडक्यावर लगदा बोटांनी थापत जायचे. काठाशी थर थोडा जाड हवा, कारण टोपली उचलताना हात तिथेच पडतो. इथे नागपूरचे ऊन आडवे येते. मे महिन्याच्या उन्हात थेट ठेवली तर वरचा थर बघता बघता कडक होतो, आत ओल राहते आणि बुडाशी तडा जातो. म्हणून जाणत्या बाया पहिला दिवस ती छपरीत, म्हणजे पडवीत, ठेवतात, दुसऱ्या दिवशी गंजावरून उतरवतात आणि मगच ऊन दाखवतात. काटेकोर व्याख्येने पाहिले तर हे रिसायकलिंगच झाले, कागदाचा आकार राहत नाही. पण रद्दीतून घरात कायमची वस्तू उभी करण्याची इतकी साधी कृती दुसरी नाही, म्हणून तिला या नोंदीतून वगळणे अन्यायाचे होईल.

साहित्य, शहरातले : महाल भागातले जुने वाडे उतरवले जातात तेव्हा सागवानी दारे, चौकटी, खांब, तुळया आणि कडीकोयंडे विकायला निघतात. लकडगंज हा शहराचा लाकूडबाजार. जुने लाकूड चिरून, रंधून घ्यायचे तर आरा मशीन तिथेच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतले सागवान पिढ्यान्‌पिढ्या या वाड्यांना लागत आले. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेले लाकूड फुगून-आकसून मुरलेले असते, त्यामुळे ते नव्या लाकडासारखे वाकत नाही. जुन्या दाराचे टेबल करतात ते केवळ हौसेपोटी नव्हे. या हवेत तो शहाणा व्यवहार आहे. बंगई, म्हणजे घरातला झोपाळा, हे त्याचे आणखी एक रूप. जुन्या पलंगाची पाठ किंवा दाराची अखंड फळी मिळाली आणि कड्या-साखळ्या शाबूत असल्या, की छपरीत बंगई टांगता येते. हूक मात्र स्लॅबमध्ये किंवा लोखंडी तुळईला हवा. प्लास्टरमध्ये ठोकलेल्या हुकावर माणूस बसवू नये.

संत्र्याची पेटी ही नागपूरची खास देणगी. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे. त्या दिवसांत कळमन्याच्या बाजारात फळांची रास लागते. पूर्वी माल पातळ फळ्यांच्या लाकडी पेट्यांतून जाई. आता प्लास्टिकचे क्रेट आणि पुठ्ठ्याची खोकी वाढली, त्यामुळे लाकडी पेटी हाती लागली तर सोडू नये. दोन पेट्या आडव्या एकमेकींवर ठेवल्या की मुलांच्या पुस्तकांचे कपाट तयार. पेटीचे लाकूड मऊ असते, खिळा उपटताना फळी चिरते. म्हणून खिळा मागच्या बाजूने ठोकून आधी सैल करावा आणि मगच पकडीने ओढावा.

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांकडून भंगारात येणारी पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या पाईनच्या चौकटी, सोफा आणि दिवाण यांसाठी बऱ्याच घरांत वापरतात. परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो, तो वाचल्याशिवाय लाकूड घरात आणू नये. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवलेले, ते चालते. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते बैठकीत नको.

आणि कूलर. नागपूरच्या घरात जुना कूलर नाही असे क्वचितच होते. गच्चीवर, जिन्याखाली, मागच्या बोळात तो उभाच असतो. लोखंडी कूलरची टाकी आधी गंजते, कारण तिथे चार महिने पाणी साचते. बाजूंच्या जाळीच्या खिडक्या मात्र बहुधा धडधाकट राहतात. याच तीन खिडक्या कामाच्या. एक भिंतीला उभी लावून मनी प्लांट चढवता येतो, दुसरीवर स्वयंपाकघरात हूक अडकवून झारे-पळ्या टांगता येतात. चाकांचा स्टँड जड कुंडीला लागतो. खिडक्यांतले जुने गवत स्वच्छ धुऊन, वाळवून कुंडीतल्या मातीवर पसरले की उन्हाळ्यात ओल धरून ठेवते. पत्रा रंगवण्याआधी गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा, रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि वर ऑइल पेंटचे दोन हात. रेड ऑक्साइड वगळून थेट रंग मारला तर पहिल्याच पावसाळ्यात त्याला फोड येतात. ही चूक सगळ्यात जास्त होते.

पितळी भांड्यांविषयी एक आग्रहाची गोष्ट. गुंडाची, म्हणजे पाण्याच्या पितळी भांड्याची, कुंडी करताना बुडाला भोक पाडू नये. आत प्लास्टिकची कुंडी बसवावी म्हणजे गुंड गुंडच राहतो. कोपराचे, म्हणजे परातीचे, घड्याळ करणारे मधोमध ड्रिल चालवतात, तेही टाळता येते. कोपर भिंतीवर टेकवून समोर दिवा ठेवला तरी बैठक उजळते. उद्या घरातल्या कोणाला त्याच कोपरात कणीक मळावीशी वाटली तर वस्तू परत तिच्या कामाला जायला हवी. हातमागाचा धोटा, कापडगिरणीतल्या लाकडी बॉबिना, तेलाची बुधली यांनाही हेच लागू. नागपूरची कापडगिरणी एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. अशा गिरणीतली बॉबिन भोके पाडून दिव्याला जोडण्यापेक्षा तशीच फळीवर उभी केलेली अधिक शोभते.

दाराचे टेबल, कृती : आधी दारावर लोहचुंबक फिरवावे. जुन्या फळीत डोके तुटलेले खिळे दडलेले असतात आणि रंध्याचे पाते त्यावर आदळले की खांडे पडते. मग बारीक भोके आणि पिठासारखा भुसा दिसतो का ते पाहावे. दिसला तर कीड जिवंत आहे, आधी औषध आणि नंतर बाकीचे. वाळवी लागलेली फळी घरात आणूच नये. जुना रंग कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग अशी नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावून, मोकळ्या जागेत घासावे, आणि खरवडलेला रंग कागदात गोळा करावा. पॉलिश पेपर आधी ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०.

फटी लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरतात, पण इथे उतावीळपणा नडतो. मे महिन्यात फट सगळ्यात रुंद असते. तेव्हा ती ठासून भरली तर जुलैत लाकडाला फुगायला जागा उरत नाही आणि लांबी उडून पडते. भरायचे काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावे. दाराला कोरीवकाम असेल तर लांबी लावूच नये, वर काच टाकावी.

शेवटच्या हाताला दोन वाटा आहेत. एक चपडीचे पॉलिश. चपडी म्हणजे पळस-कुसुमाच्या फांद्यांवरच्या लाखेची; स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने लावतात. झळाळी उत्तम, पण चहाचा गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते. दुसरी वाट जवसाच्या तेलाची, आणि जेवणाच्या टेबलाला तीच बरी. जवस हे विदर्भातले जुने पीक. तेल अगदी पातळ लावायचे, अर्ध्या तासाने उरलेले पुसून घ्यायचे आणि काही दिवस वाळू द्यायचे. असे तीन हात. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्यात उष्णता निर्माण होते. म्हणूनच पुसलेले फडके बोळा करून टाकणे धोक्याचे. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या घरी एप्रिलमध्ये असे फडके गच्चीवरच्या टोपल्यात राहिले. संध्याकाळी धुराचा वास आला म्हणून वर गेलो तर टोपल्याचा बूड काळा पडला होता आणि फडके धुमसत होते. शेजारीच सुकत घातलेले कपडे होते. तेव्हापासून फडके दोरीवर पसरूनच वाळवले जाते, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवले जाते.

दिवे करण्याचा मोह सगळ्यांना होतो. बाटलीचा, मडक्याचा, टोपलीचा दिवा सुंदर दिसतो. वायरिंग मात्र जाणत्याकडून करून घ्यावे, धातूच्या वस्तूला अर्थिंग द्यावे आणि बल्ब एलईडीच लावावा, म्हणजे टोपली तापणार नाही.

काय टिकत नाही : प्लास्टिकच्या बाटलीची रंगीत फुले, जुन्या सीडींची झुंबरे, स्ट्रॉची तोरणे. गच्चीच्या उन्हात पातळ प्लास्टिक वर्षभरात ठिसूळ होते आणि त्याचे तुकडे झाडून गोळा करावे लागतात. रंग आणि गोंद लागल्यामुळे भंगारवालाही ते घेत नाही. साधी बाटली भंगारात गेली असती. सजवलेली बाटली थेट भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाते. कार्यानुभवाच्या वहीसाठी मुलांकडून अशाच वस्तू करवून घेतल्या जातात, याचे वाईट वाटते. त्याच तासाला चिंध्यांचे पायपुसणे शिकवले तर ते घरात वापरले जाईल.

सणांची आरास : महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि गणपती-महालक्ष्म्यांच्या आराशीत घरातल्या वस्तू पुन्हा दिसू लागल्या. विदर्भात गौरींना महालक्ष्म्याच म्हणतात; मुखवटे कोठ्यांवर बसवतात आणि मागे मखर. मोडलेल्या बाजेची माचवी, म्हणजे नुसती लाकडी चौकट, उभी केली की मखराचा सांगाडा होतो. त्यावर आईच्या-आजीच्या साड्या चुण्या घालून बांधायच्या, टाचण्या लावायच्या नाहीत, म्हणजे साडी फाटत नाही. कमानीला बुरडाकडच्या बांबूच्या कामट्या, तोरणाला जुन्या काठांच्या पट्ट्या. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैलही या दिवसांत आराशीत येऊन उभा राहतो. दरवर्षी नवा न घेता जुन्यालाच नवी झूल शिवण्याची रीत बऱ्याच घरांत आहे, आणि झुलीला बहुधा एखाद्या ब्लाउजचा उरलेला तुकडा लागतो. तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या की साड्या घडी होऊन कपाटात जातात, कामट्या सुतळीने बांधून माळ्यावर, आणि माचवी गच्चीवर दोडक्याच्या वेलाखाली मांडव म्हणून उभी राहते.