गावासाठी नळपाणी योजना : प्रस्ताव कसा करायचा, कागद कोणते लागतात (सोलापूर जिल्हा)

सांगोला, करमाळा किंवा मंगळवेढ्याच्या दक्षिण भागात फिरलं की उंच टाकी दिसते आणि तिच्याच पायथ्याला टँकरसाठी रांगेत लावलेले ड्रमही. टाकीला निधी मिळतो. उद्भवात, म्हणजे योजनेचं पाणी जिथून उपसायचं त्या विहिरीत, बोअरमध्ये किंवा तलावात, मे महिन्यात पाणी असेल का, हे मात्र प्रस्ताव करताना कोणी नीट पाहत नाही. म्हणून आधी उद्भव, मग फाईल.

प्रस्ताव ग्रामपंचायतीचा असतो, व्यक्तीचा नाही. आमदारांचं पत्र जोडलं तर बिघडत काही नाही, पण ग्रामसभेचा ठराव नसेल तर त्या पत्राचा उपयोगही नाही. घरोघरी नळाने पाणी द्यायच्या केंद्राच्या जल जीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे आणि मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवल्याचं केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं. या ५५ लिटरमध्ये जनावरं धरलेली नाहीत. आपल्याकडे दावणीला दोन गाई नाहीत असं घर सापडणं अवघड, तेव्हा गाव कृती आराखड्यात जनावरांचा आकडा वेगळा लिहा.

उद्भवाची चाचणी ऑक्टोबरात नको. तेव्हा विहीर काठोकाठ असते आणि कागदावर सगळंच छान दिसतं. मे महिन्यात मोटारीने उपसा करा, मोटार बंद करताना काठापासून पाण्यापर्यंतची खोली दोरीने मोजा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजा. ६ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत १ मीटर पाणी चढलं म्हणजे साधारण २८ हजार लिटर आवक. दीड हजार लोकवस्तीला रोज ८२,५०० लिटर लागतात, म्हणजे दिवसाला ३ मीटर पाणी चढायला हवं. गळती आणि जनावरं वेगळीच. एवढी आवक नसेल तर दुसरा उद्भव प्रस्तावातच मागा, नंतर मागायला गेलात तर नवी फाईल होते.

जागा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून पाहून घ्या. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात साठतं, त्यामुळे शेजारच्या बोअरला लागलं म्हणून आपल्याला लागेल असं नाही. पाझर तलावाच्या खालच्या अंगाची विहीर चांगली, पण तो तलाव वाईट सालात किती महिने टिकतो हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. उजनी धरणावरच्या प्रादेशिक (अनेक गावांच्या एकत्रित) योजनेत जायचं असेल तर पाणी आरक्षणाची मंजुरी लागते. धरण सुमारे ११७ टीएमसीचं (अब्ज घनफूट) असलं तरी निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी आहे आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी बरीच उण्यात, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली गेली होती. भीमाकाठच्या विहिरींनाही नदीत पाणी सोडल्यावरच जोर येतो. गावची जुनी विहीर बुजवू नका, गाळ काढून राखून ठेवा.

कागदांत ग्रामसभेचा ठराव, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती स्थापन केल्याचा ठराव (१० ते १५ सदस्य, निम्म्या महिला), समितीचं बँक खातं, गाव कृती आराखडा, उद्भवाचा दाखला, पाण्याचा रासायनिक व जैविक तपासणी अहवाल आणि वीजजोडणीचं महावितरणचं कोटेशन येतं. लोकवर्गणी गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या १० टक्के. अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असेल तर ५ टक्के. ती श्रमदानातूनही देता येते.

फाईल अडते ती जागेवर. टाकीला किंवा विहिरीला जागा 'देतो की' असं पारावर सांगणारे पुष्कळ. सात-बारावर पाच नावं असतील तर पाचही जणांच्या सह्या हव्यात, आणि बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हवं. एक भाऊ पुण्याला असेल तर त्याला आधी बोलावून घ्या.

प्रस्ताव पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे जातो. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश असा क्रम आहे. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. २००९ च्या भूजल अधिनियमातली ही तरतूद ठरावात लिहून ठेवली की पुढे भाऊबंदकीत भांडण कमी होतं.

योजना होईपर्यंतचा उन्हाळा टंचाई आराखड्यातून काढायचा. तो ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असा तीन टप्प्यांत होतो. ग्रामपंचायतीने मागणी वेळेत पंचायत समितीला द्यावी. विंधन विहीर दुरुस्ती, खाजगी विहिरीचं अधिग्रहण हे आधी पाहिलं जातं, टँकर शेवटी, तोही माणशी २० लिटरच्या हिशेबाने. तहसीलदार आणि गटविकास अधिकारी पाहणीला येतील त्या दिवशी वाड्या-वस्त्यांची लोकसंख्या वेगळी लिहून हातात ठेवा, नाहीतर खेपा गावठाणापुरत्याच मंजूर होतात.