पॉल पॅरिस आणि विमानातल्या तड्यांचे गणित

अमेरिकी अभियंता पॉल पॅरिस १९५५च्या उन्हाळ्यात बोइंगमध्ये आले, तेव्हा कॉमेट या ब्रिटिश जेट प्रवासी विमानाच्या अपघातांची चौकशी नुकतीच आटोपली होती. १९५४च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट हवेतच फुटली होती. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रात तिसरे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून केबिनमध्ये पाण्याचा दाब वारंवार चढवला-उतरवला गेला. हवा वापरली असती तर पहिल्याच फाटीला स्फोट होऊन पुरावा गेला असता. आधीची उड्डाणे धरून सुमारे ३,०६० फेऱ्यांनंतर केबिन फाटली.

पडलेला तडा दर फेरीला किती वाढेल, हे सांगणारी भरवशाची रीत तेव्हा नव्हती. जॉर्ज अर्विन यांनी तड्याच्या टोकाशी एकवटणारा ताण मोजणारा गुणांक मांडला होता. तो मुख्यतः एकदम तुटण्यासाठी वापरला जाई. पॅरिस यांनी तोच थकव्याला, म्हणजे वारंवारच्या भाराने वाढणाऱ्या तड्यांना, लावला: एका फेरीत हा गुणांक जितका खाली-वर होतो, त्याच्या ठरावीक घाताच्या प्रमाणात तडा वाढतो. टोकाशी धातू कायमचा वाकतो, तिथे धातू पूर्ववत होतो असे धरणारे लवचिकतेचे गणित कसे चालेल, असे म्हणत तीन नामांकित नियतकालिकांनी निबंध परत पाठवला. शंका रास्त होती, पण निरनिराळ्या ठिकाणची मोजमापे एकाच रेषेवर येत होती. अखेर १९६१मध्ये तो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभियांत्रिकी पत्रिकेत छापला गेला. पुढे लीहाय विद्यापीठात फाझिल एर्दोगान यांच्यासोबतचा १९६३चा निबंध सर्वत्र पोहोचला.

ॲल्युमिनियमसाठी या घाताचा घातांक ३च्या आसपास असतो. म्हणजे ताण दुप्पट झाला की वाढीचा वेग आठपट. तडा लांबतो तसा गुणांकही वाढतो; त्यामुळे त्याच हिशेबाने १ मिमीचा तडा ४ मिमी व्हायला जितक्या फेऱ्या लागतात, त्याच्या निम्म्यात तो ४चा १६ होतो. तपासणीत तडा ४ मिमीला दिसू लागत असेल आणि १६ला भाग तुटत असेल, तर हाती एक तृतीयांश आयुष्य उरते. त्याचाही निम्मा काळ दोन तपासण्यांमध्ये ठेवतात, म्हणजे एक हुकली तरी दुसरी मिळते.

नियमांत हे यायला मात्र आणखी अपघात लागले. डिसेंबर १९६९मध्ये जेमतेम शंभर तास उडालेल्या एफ-१११ या अमेरिकी लढाऊ विमानाचा पंख घडाईतल्याच दोषामुळे तुटला. त्यानंतर १९७४मध्ये अमेरिकी हवाई दलाने नियम केला: भोकाच्या कडेला १.२७ मिमीचा तडा पहिल्या दिवसापासून आहे असे धरूनच हिशेब करायचा. प्रवासी विमानांना तसा नियम १९७८मध्ये लागू झाला. त्याच्या आदल्या वर्षी झांबियातल्या लुसाकाजवळ एका बोइंग ७०७ची आडवी शेपटी तुटली होती.

सूत्राच्या मर्यादा आहेत. अगदी बारीक तडे त्यापेक्षा वेगाने वाढतात. उलट एखाद्या मोठ्या भारानंतर वाढ काही काळ मंदावते, कारण टोकाजवळचा वाकलेला धातू तडा दाबून धरतो.