मेलेल्या खुंटाचा करार

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनच्या कातालोनिया प्रांतातल्या स्थानिक वर्तमानपत्रांत एक वेगळीच जाहिरात यायला लागली. तिच्यात विकायचं काहीच नव्हतं. तुमच्या शेतात, बांधावर किंवा पडीक तुकड्यात एखादी द्राक्षवेल असेल आणि ती कोणत्या वाणाची ते तुम्हाला ओळखता येत नसेल, तर आम्हाला कळवा, एवढाच तिचा मतलब. जाहिरात देणारं घराणं होतं तोरेस. बार्सिलोनाच्या नैऋत्येला पेनेदेस नावाचा द्राक्षपट्टा आहे. तिथल्या विलाफ्रांका गावात १८७० पासून हे लोक वाइन करतात. आज घराण्याची पाचवी पिढी कारभार पाहते आहे.

शेतकऱ्याला स्वतःच्याच बागेतल्या वेलीचं नाव माहीत नसावं, ही गोष्ट आपल्याला विचित्र वाटते. दिंडोरीत किंवा तासगावात कुठल्याही बागेत जा, बागायतदार न अडखळता वाण सांगतो, छाटणीची तारीख सांगतो, खुंट कोणता तेही सांगतो. पेनेदेसमध्ये नावं विसरली गेली, त्याला कारण होतं एक मिलिमीटरभर लांबीचा पिवळसर किडा.

त्या किड्याआधी घराण्याची सुरुवात सांगायला हवी. कातालोनियात शेतजमीन वाटली जात नसे. ती अख्खी थोरल्याकडे जाई आणि धाकट्यांनी आपलं पोट आपण शोधायचं, अशी रीत होती. हायमे तोरेस हा असाच धाकटा. तो क्युबाला गेला, तिथे खनिज तेलाच्या धंद्यात पैसा कमावला आणि परत येऊन १८७० साली भाऊ मिगेलबरोबर विलाफ्रांकात वाइनची पेढी काढली. एका भावाकडे भांडवल आणि समुद्रापारच्या ओळखी, दुसऱ्याकडे द्राक्षाची जाण. जागा रेल्वे स्टेशनला लागून घेतली, कारण पिंपं गाडीत चढवून बंदराकडे न्यायची होती.

वेळ त्यांना अनुकूल होती. १८६० च्या दशकात फ्रान्समधल्या वेली कारण कळण्याआधीच वाळून जायला लागल्या होत्या. १८६८ साली वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेली उपटून मुळं भिंगाखाली धरली, तेव्हा मुळांना चिकटलेले बारीक किडे दिसले. हाच फायलोक्सेरा. मूळचा उत्तर अमेरिकेतला, माव्याच्या नात्यातला. अमेरिकी वेलींच्या रोपांबरोबर तो युरोपात उतरला होता. शिडाच्या जहाजांच्या लांबलचक प्रवासात तो बहुधा तग धरत नसे, पण वाफेच्या जहाजांनी प्रवास आटोपशीर केला. फ्रान्सच्या बागा मरत गेल्या तशी स्पॅनिश वाइनची मागणी वाढली आणि पेनेदेसमध्ये मिळेल त्या उतारावर वेली लागल्या. पुढे किडाही पिरेनीज पर्वताच्या या बाजूला आला. १८८० च्या दशकाच्या शेवटी तो पेनेदेसमध्ये होता.

तो मुळात सोंड खुपसून रस शोषतो, पण खरी हानी नंतर होते. त्याच्या लाळेने मुळावर गाठी येतात, त्या फुटतात आणि जखमेतून बुरशी आत शिरते. युरोपीय वेलीला या जखमेवर इलाज ठाऊक नाही. अमेरिकेतल्या रानवेली मात्र या किड्याबरोबर लाखो वर्षं राहिलेल्या. त्यांची मुळं जखमेभोवती बुचासारखा थर धरतात आणि इजा तिथेच अडवतात. म्हणून उपाय निघाला तो कलमाचा: जमिनीखाली अमेरिकी खुंट, वर युरोपीय डोळा. दीडशे वर्षांनंतरही यापेक्षा चांगला उपाय कुणाला सापडलेला नाही. महाराष्ट्रातले द्राक्ष बागायतदार डॉगरीज खुंटावर कलम करतात, तो खुंटही अमेरिकी रानवेलीचाच. आपल्याकडे त्याचा उपयोग मुख्यतः क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण यांच्याशी टक्कर देण्यासाठी होतो, पण युक्ती तीच.

कातालोनियात या किड्याने वेलींबरोबर माणसांचे करारही मारले. तिथे 'राबासा मोर्ता' नावाची कुळवहिवाट चालत असे. शब्दशः अर्थ 'मेलेला खुंट'. कुळाने मालकाच्या जमिनीत वेली लावायच्या, उत्पन्नाचा वाटा द्यायचा, आणि वेली जिवंत असेपर्यंत जमीन कुळाकडे राहायची. लावलेल्यांपैकी दोन तृतीयांश वेली मेल्या की करार संपला. जुनी वेल मुरड घालून, दाब देऊन पिढ्यान्‌पिढ्या जगवता येई, त्यामुळे आजोबाने केलेला करार नातू चालवत असे. फायलोक्सेराने काही वर्षांत सगळ्यांचेच खुंट मारले आणि मालकांनी कागद पुढे केला. नव्या कलमी वेलीचं आयुष्यही कमी, म्हणजे नवा करार आखूडच. या कुळांचा लढा पुढे १९३० च्या दशकापर्यंत कातालोनियाच्या राजकारणात धगधगत राहिला. एका किड्याच्या लाळेतून जमिनीच्या हक्काचा प्रश्न उभा राहिल्याचं याहून लख्ख उदाहरण मला माहीत नाही.

नव्याने लागण करताना शेतकऱ्याने काय लावलं? जे हमखास विकलं जाईल ते. पेनेदेसमध्ये तेव्हा कावा या फसफसत्या वाइनचा धंदा उभा राहत होता. त्यासाठी माकाबेओ, शारेलो आणि पारेयादा या तीन पांढऱ्या वाणांना मागणी होती. कमी घड देणारे, उशिरा पिकणारे, नाजूक वाण कुणी पुन्हा कलम केलेच नाहीत. आणि द्राक्षाच्या बाबतीत कलम न करणं म्हणजे वाण संपणंच. बी पेरलं तर मूळ वाण परत येत नाही, वेगळीच वेल उगवते. काडी किंवा डोळा घेऊनच वाण पुढे न्यावा लागतो. आज जगभर काबेर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच वाणाच्या जितक्या वेली आहेत, त्या सगळ्या कधीकाळी एका बीजातून उगवलेल्या एकाच वेलीचे तुकडे आहेत. शेवटची वेल गेली की तो जीवच गेला. कातालोनियात असे अनेक गेले. काही मात्र ओढ्याकाठी, झाडावर चढलेल्या, सोडून दिलेल्या बागेच्या कोपऱ्यात तगून राहिले, पण बिननावाचे.

तोरेस घराणं या काळात तगलं आणि वाढलं. १९२८ पासून ब्रँडीही सुरू झाली. १९३२ साली मिगेल तोरेस कार्बोने सूत्रं घेतली. चारच वर्षांत यादवी युद्ध पेटलं, वायनरी ताब्यातून गेली. जानेवारी १९३९ मध्ये विमानांचा रोख रेल्वे स्टेशनवर होता, पण बाँब पडले ते वायनरीवर. ज्या स्टेशनमुळे धंदा बसला होता, त्याच स्टेशनाने तो जमीनदोस्त केला. मिगेलने १९४० मध्ये पुन्हा बांधकाम केलं. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच वाइन अमेरिकेत पोचेनाशी झाली, तेव्हा तो आणि त्याची पत्नी मार्गारिता अमेरिकेत हॉटेलांची दारं ठोठावत फिरले. पिंपातून मोघम विकण्याऐवजी स्वतःच्या नावाची बाटली विकायची, हा त्याचा निर्णय. त्याच्या 'सांग्रे दे तोरो' या वाइनच्या बाटलीच्या गळ्यात लटकणारा छोटा बैल आज कित्येक देशांत ओळखीचा आहे.

त्याचा मुलगा मिगेल आगुस्तीन तोरेस फ्रान्समधल्या दिजों इथे वाइनशास्त्र शिकून १९६२ साली घरी परतला आणि त्याने दोन गोष्टी आणल्या. पहिली, गारवा देता येणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या. यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता बाहेर पडते. मोठ्या टाकीत ती साठत गेली तर तापमान ३५ अंशांच्या वर जातं, यीस्ट दमून अर्ध्यात थांबतं आणि फळाचा नाजूक वास उडून जातो. टाकीच्या कवचातून थंड पाणी फिरवून पांढऱ्या द्राक्षाचा रस १५ ते १८ अंशांवर सावकाश आंबवला की तो वास वाइनमध्येच राहतो. दुसरी गोष्ट, फ्रेंच वाण. १९६६ साली पाक्स गावाजवळच्या मास ला प्लाना या मळ्यात काबेर्ने सोव्हिन्यों लावलं. १९७९ मध्ये पॅरिसला गो-मियो या मासिकाने भरवलेल्या स्पर्धेत त्या मळ्याची १९७० ची वाइन आपल्या गटात पहिली आली. मागे राहिलेल्यांत फ्रान्सच्या बोर्दो भागातली नामांकित वाइन शातो लातुरही होती. त्याच वर्षी घराण्याने चिलीत जमीन घेतली.

म्हणून पुढच्या पायरीचं मला फार मोल वाटतं. फ्रेंच वाणाच्या जोरावर जग जिंकलेला हा माणूस त्यानंतर लगेच आपल्याच मातीतल्या हरवलेल्या वेली शोधायला निघाला, आणि सुरुवातीला सांगितलेली जाहिरात निघाली.

निरोप आला की माणसं जाऊन वेल पाहायची. पानाची कातर, देठाजवळच्या खाचेचा आकार, कोवळ्या शेंड्यावरची लव, घडाची बांधणी यांची नोंद व्हायची. फ्रान्समधल्या माँपेलियेच्या तज्ज्ञांची मदत होती, पुढे डीएनए तपासणीही आली. बहुतेक वेळा वेल कुठल्यातरी माहीत असलेल्या वाणाची निघे. पण काही वेळा जगातल्या कुठल्याच नोंदीशी जुळत नसे. पहिला असा वाण म्हणजे गार्रो.

वेल सापडली म्हणजे काम झालं असं नाही. शंभरेक वर्षं एकाच जागी उभ्या असलेल्या वेलीत विषाणू मुरलेले असतात. पानं गुंडाळली जातात, घड विरळ येतात. अशा वेलीची काडी लावली तर रोगही काडीबरोबर जातो. इथे एक सुंदर जैविक फट उपयोगी पडते. विषाणू वेलीत पसरतो तो मुख्यतः अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतून. अगदी वाढत्या टोकाशी, जिथे पेशी नुकत्या विभागत असतात, तिथवर या नळ्या पोचलेल्याच नसतात. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कोवळ्या शेंड्यावरची इवली पानं एकेक करून सोलतात आणि आतला चमकणारा घुमट बारीक पात्याने उचलतात. आकार अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, मोहरीच्या दाण्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा. तो काचनळीत आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या थरावर ठेवतात. तो जगला तर त्याला पानं फुटतात, मुळं येतात आणि म्हाताऱ्या वेलीचं निरोगी रूप पुन्हा पहिल्या दिवसापासून वाढू लागतं. मग कुंडी, हरितगृह, खुंटावर कलम, शेत. फळ धरायला तिसरं वर्ष उजाडतं. त्यापुढे चाचणीच्या लहान लहान वाइन आणि सरकारी परवानगी. दशक सहज जातं. आजवर ५० हून अधिक वाण अशा शोधातून हाती लागले. वाइनसाठी खरोखर चांगले निघाले ते मोजकेच. गार्रो आणि केरोल हे दोन वाण 'ग्रान्स मुरायेस' या वाइनमध्ये जातात, तिची पहिली तोडणी १९९६ ची.

हे सगळं सुरू झालं वारसा जपण्यासाठी. उष्णतेशी त्याचा संबंध नंतर लागला. पेनेदेसचं सरासरी तापमान गेल्या चार दशकांत सुमारे १ अंशाने वाढलं आणि द्राक्षतोडणी साधारण १० दिवस अलीकडे आली. एका अंशाने काय बिघडतं? द्राक्ष पिकताना दोन घड्याळं चालतात. एक साखर आणि आंबटपणाचं, दुसरं साल आणि बियांमधल्या तुरटपणाचं. हवा तापली की पहिलं घड्याळ पळू लागतं. साखर भरभर चढते, आणि रसातल्या दर लिटरमागे १७ ग्रॅम साखरेतून वाइनमध्ये सुमारे १ टक्का अल्कोहोल तयार होतं. आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल फळ स्वतःच श्वसनात जाळून टाकतं, उबदार रात्रीही हे जळणं चालूच राहतं. दुसरं घड्याळ मात्र मागेच रेंगाळतं. म्हणजे बी अजून कच्ची, तुरट, आणि रस आधीच गोड, आंबटपणा गेलेला. शेतकऱ्याने तोडायचं कधी?

एक उत्तर उंचीचं. १०० मीटर वर गेलं की हवा सरासरी ०.६ अंशाने गार होते. विलाफ्रांका समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरवर. घराण्याने पिरेनीजच्या पायथ्याला त्रेम्पजवळ ९५० मीटरवर जमीन घेतली. म्हणजे चार अंशांहून जास्त फरक. दुसरं उत्तर आपल्या धुरापासून सुरू होतं. मिगेल आगुस्तीनने २००८ पासून कार्बनचा हिशेब ठेवायला लावला. बाटलीचं वजन कमी केलं, छाटणीच्या काड्यांवर चालणारा बॉयलर बसवला आणि २०२० पर्यंत दर बाटलीमागचं उत्सर्जन ३० टक्क्यांहून जास्त खाली आणलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन या वाइन करणाऱ्या घराण्याबरोबर वायनरींचा एक आंतरराष्ट्रीय गटही काढला. आंबवताना निघणाऱ्या वायूचा त्यांनी केलेला उपयोग मला विशेष आवडतो. २०० ग्रॅम साखर असलेला एक लिटर रस आंबला की सुमारे ५० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पूर्वी तो हवेत जाई आणि टाकीतल्या वाइनला ऑक्सिजन लागू नये म्हणून वर पसरायला हाच वायू विकत आणला जाई. आता तो पकडून साठवतात आणि टाकीतल्या वाइनवर पसरतात.

तिसरं उत्तर त्या बिननावाच्या वेलींकडे निघालं. त्यांतल्या काही मुळातच उशिरा पिकणाऱ्या, आंबटपणा न सोडणाऱ्या होत्या. शंभर वर्षांपूर्वी हाच त्यांचा दोष. घड पिकायची वाट कोण बघणार, म्हणून शेतकऱ्याने त्यांना टाकलं होतं. पिरेने हा लाल वाण आता त्रेम्पच्या उंच मळ्यात आहे. फोरकादा हा पांढरा वाण पेनेदेसमध्येच लागला आहे. ऑगस्टच्या उन्हात शेजारच्या शार्दोने या फ्रेंच पांढऱ्या वाणाची तोडणी उरकून क्रेट वायनरीत गेलेले असतात, आणि फोरकादाचे घड वेलीवर कच्चेच, घट्ट, तोंड आंबवणारे असतात.